परदेश पाहणे आणि परदेश कळणे

मराठीत परदेशप्रवासाच्या पुस्तकांचा दुष्काळ आहे, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. मध्यम प्रतीच्या कोणत्याही ग्रंथालयात प्रवासवर्णनांचे एक स्वतंत्र कपाट असते आणि त्यात दरवर्षी भर पडत जाते. पण या विपुल वाङ्मयाची परीक्षा करताना आमचे टीकाकार बहुधा तीनच मापे हाती घेतात: भाषेची प्रसन्नता, विनोदाची पखरण आणि वर्णनाची चित्रमयता. ललित निबंधाला ही मापे पुरतात. प्रवासवर्णनाला पुरत नाहीत. कारण प्रवासवर्णन ही एक साक्ष आहे. परक्या समाजाचे आचारविचार, त्याचे घर, त्याचा बाजार, त्याचा देव आणि त्याचा पैसा यांविषयी लेखक आपल्या घरच्या माणसांपुढे जबाब देत असतो. आणि त्या माणसांपैकी बहुतेकांना तो देश स्वतः पाहून जबाब पडताळण्याची संधी मिळणार नसते. साक्षीदार गोड बोलतो म्हणून शहाणा न्यायाधीश त्याची साक्ष ग्राह्य धरीत नाही. तो कोठे उभा होता, त्याला तेथून काय दिसत होते आणि त्याचा कोणाशी कोणता संबंध होता, हे तो आधी विचारतो. हेच प्रश्न आमच्या प्रवासलेखकांना विचारून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

या विचारासाठी आम्ही कसोटीचा दगड म्हणून कुंडल हे गाव घेणार आहो, याचे काही वाचकांस नवल वाटेल. आज सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात असलेले हे गाव पूर्वी औंध संस्थानातील एका तालुक्याचे ठिकाण होते. डोंगरातील पार्श्वनाथाच्या स्थानांमुळे जैन यात्रेकरूंना ते ठाऊक होते. इतरांना पुणे-मिरज लोहमार्गावरील ‘कुंडल रोड’ या लहानशा स्थानकाच्या नावाने ते माहीत असे. लंडन वा न्यूयॉर्क यांच्याशी अशा गावाचा संबंध तो काय? परंतु परदेशच्या निरीक्षणाचे मोल परदेशात ठरत नसून ते मायदेशीच्या एखाद्या माळावर ठरते, असे आमचे मत आहे. आणि तसा माळ शोधू लागल्यास कुंडलइतका बोलका माळ महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. त्याकडे वळण्यापूर्वी प्रथम पुस्तकांचा विचार करू.

परक्या देशात माणूस तीन नात्यांनी राहू शकतो. तो पाहुणा असतो, गिऱ्हाईक असतो किंवा गरजवंत असतो. पाहुण्याला समाज आपली बैठकीची खोली दाखवितो; तेथे जाजम झाडलेले असते आणि घरातले भांडण तेवढ्यापुरते थांबलेले असते. गिऱ्हाइकाला समाज आपले दुकान दाखवितो; तेथे सर्व हसतमुख असतात आणि त्या हास्याची किंमत पावतीत मिळविलेली असते. गरजवंताला मात्र समाज आपले स्वयंपाकघर, आपली मोरी आणि आपली हिशेबाची वही दाखवितो, कारण त्याच्यापासून ती लपविण्याचे कोणास कारणच वाटत नाही. गरजवंताला अक्कल नसते अशी आपल्याकडे म्हण आहे. ती व्यवहारापुरती खरी असेल. पण निरीक्षणाच्या प्रांतात गरजवंताला जे डोळे असतात ते पाहुण्याला क्वचितच लाभतात. ज्याची उद्याची भाकरी समोरच्या माणसाच्या स्वभावावर अवलंबून आहे, तो त्या स्वभावाचा अभ्यास करमणूक म्हणून करीत नाही.

आमच्या प्रवासवाङ्मयाचा इतिहासच याची ग्वाही देतो. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा परदेशचा नव्हे, उत्तर हिंदुस्थानचा वृत्तांत आहे. परंतु मराठीतील पहिल्या थोर प्रवासग्रंथाचा मान त्यालाच जातो. वरसईचा हा भिक्षुक घरच्या कर्जाला उतार पडावा म्हणून दक्षिणेच्या आशेने निघाला आणि १८५७ च्या वणव्यात सापडला. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात झाशीच्या वेढ्याइतकेच ठसठशीत काय उतरले असेल, तर ते गाठीच्या पैशाची काळजी, वाटेतील भय आणि आश्रयदात्यांची पारख. भटजी हौसेने देशाटनास निघाले असते तर त्यांनी घाट आणि देवळे वर्णिली असती. पोटासाठी निघाले म्हणून त्यांनी माणसे वर्णिली.

समुद्रापलीकडच्या प्रवासात हीच गोष्ट पंडिता रमाबाईंच्या बाबतीत दिसते. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, तेथे शिकल्या व शिकविलेही. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदानाच्या निमित्ताने त्या अमेरिकेस पोहोचल्या. बोलावणे एका समारंभाचे होते, पण मुक्काम सुमारे पावणेतीन वर्षांचा झाला, कारण हिंदुस्थानातील बालविधवांसाठी शाळा काढण्याचा त्यांचा संकल्प होता आणि त्यासाठी लागणारा पैसा व पाठबळ त्यांना त्या अनोळखी लोकांकडूनच मिळवावयाचे होते. गावोगाव व्याख्याने देत, संस्था पाहत, वर्गणीदार जोडत त्या हिंडल्या. १८८९ साली परत येऊन त्यांनी मुंबईत शारदासदन उघडले आणि त्याच वर्षी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक प्रसिद्ध केले.

या पुस्तकाच्या नावातच त्याची योग्यता सांगितलेली आहे. ‘लोकस्थिति’ आधी, ‘प्रवासवृत्त’ मागाहून. राज्यव्यवस्था, गृहस्थिती, विद्या, धर्मपंथ व परोपकार, स्त्रियांची स्थिती, व्यापार-उद्योग असे एकेक अंग घेऊन त्या समाजाची तपासणी केली आहे. इंग्रजांच्या राज्यात वाढलेल्या एका स्त्रीला राजा नसलेला देश पाहावयास मिळाला याचा आनंद त्या लपवीत नाहीत. स्त्रियांच्या मद्यपानबंदीच्या चळवळीतील संघटनेचे त्या मनापासून कौतुक करतात. परंतु त्याच पुस्तकात तेथील मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय आणि गुलामगिरी कायद्याने गेल्यावरही मागे राहिलेला वर्णद्वेष यांची नोंद आहे. ज्या समाजाकडून मदत घ्यावयाची त्याचे दोषही लिहून ठेवावयाचे, ही गोष्ट सोपी नव्हे. हात पसरणाऱ्याने तोंडपुजेपणा करावा असा जगाचा रिवाज आहे. तो रमाबाईंनी पाळला नाही. त्यांच्या साक्षीला वजन आले ते यामुळे. त्यांच्या धर्मांतरावरून उठलेल्या वादळात या पुस्तकाकडे मराठी वाचकाचे पुष्कळ काळ दुर्लक्ष झाले. त्यात रमाबाईंचे काय गेले असेल ते असो. नुकसान आमचे झाले, कारण पुढच्या प्रवासलेखकांना घरातच उपलब्ध असलेला एक उत्तम कित्ता गिरविता आला नाही.

दुसरे उदाहरण पार्वतीबाई आठवले यांचे. रमाबाई संस्कृत शास्त्रांत पारंगत; पार्वतीबाई कोकणातील एका सामान्य घरातल्या, वैधव्यानंतर शिकलेल्या, हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करणाऱ्या. १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, इंग्रजी जवळजवळ येत नसता त्या अमेरिकेस गेल्या. इंग्रजी शिकावे आणि संस्थेसाठी मदत मिळवावी हा हेतू. आणि पोट भरण्यासाठी त्यांनी तेथे लोकांच्या घरी घरकामाची नोकरी धरली. १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माझी कहाणी’ या आत्मवृत्तात हा भाग आला आहे. विद्वत्तेच्या दृष्टीने पाहिल्यास त्याची रमाबाईंच्या ग्रंथाशी तुलना होणार नाही. पण परक्याच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला त्या घराचे जे ज्ञान होते, ते विद्यापीठाच्या सत्कारसमारंभात बसलेल्यास होणे शक्य नाही. मालकीण कामाला कोणत्या स्वराने सांगते, जेवणाला कोठे बसविते, आजारात विचारपूस करते की नाही, या तीन गोष्टी कळल्या म्हणजे त्या समाजाच्या समतेच्या गप्पांपैकी किती खऱ्या ते कळते. ध्यानात घेण्याजोगे हे की, इतके पाहूनही पार्वतीबाईंनी आपली मते बोटीवर टाकून दिली नाहीत. स्त्रीशिक्षणाच्या त्यांच्या कल्पनेत गृहिणीपदाला पूर्वीही मोठे स्थान होते आणि पुढेही राहिले. त्यांचे मत आम्हांस मान्य असो वा नसो, परदेश पाहून दिपून न जाणारी बुद्धी त्यांच्यापाशी होती, हे कबूल केले पाहिजे.

तिसरे नाव विठ्ठल रामजी शिंदे यांचे. १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात त्यांनी तुलनात्मक धर्माचा अभ्यास केला आणि तेथून ‘सुबोधपत्रिके’साठी पत्रे लिहिली. बॅरिस्टर होऊन येणाऱ्या तरुणांची ती पिढी. शिंद्यांना मात्र तेथे धर्माचे तत्त्वज्ञान जसे शिकावयाचे होते, तसाच धर्माने चालविलेला समाजसेवेचा व्यवहारही न्याहाळावयाचा होता. १९०६ साली त्यांनी अस्पृश्यतानिवारणासाठी ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ स्थापन केले, तेव्हा त्या निरीक्षणाचे फळ दिसले. नाव इंग्रजी, पद्धत पुष्कळशी पाश्चात्त्य. पण ज्या वस्त्यांत ते काम सुरू झाले त्या वस्त्यांचे दुःख येथले होते आणि त्यावरील उपायाचा शोधही त्यांनी येथेच, आयुष्यभर घेतला. मराठी माणूस विलायतेस जाऊन काय घेऊन आला, या प्रश्नाला घड्याळ, टोपी आणि उच्चार यांखेरीज दुसरेही उत्तर देता येते, हे या एका चरित्राने दाखविले.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, तुम्ही प्रवासवर्णनाकडून समाजशास्त्र मागता. आनंदासाठी केलेल्या प्रवासाला मग जागाच नाही काय? आक्षेप रास्त आहे. १९४० साली अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ प्रसिद्ध झाले आणि मराठी प्रवासवर्णनाचे रूप पालटले. कोठे उतरलो, काय खाल्ले, मनोऱ्याची उंची किती, अशा टाचणवहीतून त्यांनी हे वाङ्मय सोडविले. प्रवाशाच्या मनाला त्यात स्थान दिले. १९५९ साली गंगाधर गाडगिळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ आणि १९६० साली पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ आली. यांपैकी शेवटच्या पुस्तकाने मराठी मध्यमवर्गाला स्वतःकडे पाहून हसावयास शिकविले, ही काही लहान गोष्ट नव्हे. साहेबाच्या देशात गेलेला मराठी माणूस यापूर्वी एक तर भारावलेला असे किंवा हिरमुसलेला असे. देशपांड्यांचा प्रवासी बरोबरीच्या नात्याने थट्टा करतो, आणि थट्टा बरोबरीच्या माणसाचीच करता येते. स्वातंत्र्याने आलेली ही मोकळीक त्या विनोदाच्या मुळाशी आहे.

या पुस्तकांचे श्रेय पूर्णपणे मान्य करूनही आम्हांस एक परिणाम नोंदविणे भाग आहे. लेखकाचे मन हे प्रवासवर्णनाचे केंद्र झाले आणि ज्यांचा देश, ती माणसे परिघावर गेली. थोर लेखकांच्या हाती हे खपून गेले, कारण त्यांचे मनच पाहण्यासारखे होते. त्यांच्या मागून आलेल्या अनुकरणकर्त्यांपाशी ते मन नव्हते. साचा तेवढा होता. मग विमानात बसल्यावर काय वाटले, थंडीने कान कसे लाल झाले, चहा कसा मिळमिळीत लागला, गोड लोणच्याची बाटली बॅगेत कशी फुटली, यांची पुनरावृत्ती सुरू झाली. पन्नास पाने वाचून झाली तरी त्या देशातील एकाही माणसाने चार वाक्ये सलग बोललेली नसतात. अशा पुस्तकांत परदेश हा नाटकातील पडद्यासारखा मागे टांगलेला असतो.

आता कुंडलच्या माळाकडे वळू. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातील आपला कारखाना हलवावा लागला, तेव्हा औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज दिले. जमीन म्हणजे निवडुंग, दगड आणि साप. तेथे पुढे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आमच्या विषयाच्या दृष्टीने लक्षात घेण्याची गोष्ट ही की, हा उद्योग उभारीपर्यंत लक्ष्मणरावांनी परदेश पाहिलेला नव्हता. त्यांनी परदेश वाचला होता. विलायती आणि अमेरिकी यंत्रविषयक मासिके व पुस्तके हीच त्यांची बोट. पण वाचताना ते दिपले नाहीत, हे त्यांच्या नांगरावरून दिसते. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली. अशा वेळी परदेश पाहिलेला एखादा अर्धवट विद्वान शेतकऱ्याच्या अज्ञानावर एक लेख लिहून मोकळा झाला असता. लक्ष्मणरावांनी नांगर सुधारला, वाट पाहिली, आणि गिऱ्हाइकाची शंका हाही कारागिराने सोडविण्याचा एक प्रश्न आहे असे मानले.

पुढच्या पिढीतील शंतनुराव किर्लोस्कर प्रत्यक्ष गेले. १९२२ ते १९२६ ही चार वर्षे त्यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत यंत्रशास्त्राचे शिक्षण घेतले आणि ते पुन्हा याच माळावर परतले. बोस्टनजवळच्या प्रयोगशाळेतून कुंडल रोडच्या स्थानकावर उतरणे हा प्रवास जाण्यापेक्षा बिकट होता, असे आम्हांस वाटते. जाताना माणसाजवळ कुतूहल असते. येताना त्याच्याजवळ तुलना असते. ही तुलना दोन वाटांनी जाते. ती एक तर कायमची कुरकुर होते, नाही तर काम होते. किर्लोस्करवाडीत ती काम झाली.

याच वाडीतून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. कारखान्याची ही वार्तापत्रिका शंकरराव किर्लोस्करांच्या हाती ‘किर्लोस्कर’ मासिक बनली. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ यांची तिला जोड मिळाली. नांगर आणि मासिक एकाच आवारातून बाहेर पडावीत, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. मराठी घरांतील स्त्री-पुरुषांना जगाकडे पाहावयास ज्या नियतकालिकांनी शिकविले, त्यांतील ही प्रमुख मासिके पुण्या-मुंबईच्या पेठांतून न निघता औंध संस्थानातील एका माळावरून निघत होती. जगाचा वारा लागण्यासाठी बंदरावर राहावे लागत नाही, एवढे तरी यावरून सिद्ध होते.

औंधचा दुसरा संबंध याहून चमत्कारिक आहे, कारण त्यात दृष्टीचा प्रवास दोन्ही दिशांनी झाला. भवानरावांचे पुत्र आप्पासाहेब पंत ऑक्सफर्डला शिकून बॅरिस्टर होऊन आले. पुढे १९४८ साली ते पूर्व आफ्रिकेत स्वतंत्र हिंदुस्थानचे पहिले प्रतिनिधी म्हणून गेले. ते औंधात होते त्याच सुमारास मॉरिस फ्रीडमन हा वॉर्सात जन्मलेला इंजिनिअर बंगलोरहून औंधात आला. गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली संस्थानाने १९३९ साली प्रजेच्या हाती सत्ता देणारी घटना स्वीकारली, तिच्या घडणीत आप्पासाहेबांबरोबर या परक्या माणसाचाही हात होता. आटपाडीजवळची स्वतंत्रपूरची मुक्त वसाहत, जेथे कैदी कुंपणावाचून शेती करीत, तीही याच प्रयोगातली. ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटाचे बीज तीतूनच मिळाले. पुढे याच फ्रीडमनने मुंबईतील निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे इंग्रजीत आणली आणि ते पुस्तक १९७३ साली प्रसिद्ध होऊन जगभर गेले.

फ्रीडमनची गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. आम्ही परदेशी जाऊन त्यांचे काय पाहिले, याचा हिशेब आम्ही वारंवार मांडतो. परदेशी माणसाने येथे येऊन आमचे काय पाहिले, याची दखल राजवाडे आणि लेणी यांच्यापलीकडे क्वचित घेतो. हा मनुष्य आमच्या कैद्याजवळ बसला, ग्रामपंचायतीत बसला आणि विडीच्या दुकानावर पोट भरणाऱ्या एका साधूच्या माडीवर बसला. राहावयाचे कसे, याचे हे उदाहरण मराठी प्रवासलेखकाने पुढे ठेवावे.

परंतु कुंडलची कसोटी एवढ्यावर संपत नाही. जे जे चांगले ते पाहून आलेल्यांनीच आणले, असा ग्रह होऊ नये म्हणून हे गाव दुसरीही साक्ष देते. १९४३ पासून साताऱ्याच्या प्रतिसरकारचे कुंडल हे एक मोठे केंद्र होते. नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या या चळवळीची तुफान सेना जी. डी. बापू लाड यांच्या पुढाकाराने येथे शिक्षण घेत होती. गावोगाव न्यायदान मंडळे बसत, दारूला आळा घातला जाई, कर्जबाजारी करणारे लग्नखर्च सोडून साधे ‘गांधी विवाह’ लावले जात. या मंडळींपैकी बहुतेकांनी समुद्र पाहिला असेल की नाही याचीच शंका आहे. तरीही आपल्या समाजाचे दोष त्यांना परदेशच्या आरशावाचून दिसले. परदेश पाहिल्यावाचून डोळे उघडत नाहीत, हा आमच्या सुशिक्षितांचा लाडका सिद्धान्त कुंडलच्या वेशीवर येऊन अडखळतो.

आणखी एक वर्ग याच परिसरात आहे. विटे, खानापूर, आटपाडी या बाजूच्या दुष्काळी गावांतून निघून सोने-चांदी गाळण्याचा व्यवसाय करणारे गलाई कारागीर हिंदुस्थानभर पसरले आहेत. उत्तरेकडे व दक्षिणेकडे दूरदूरच्या शहरांतील सराफकट्ट्यालगतच्या गल्लीत त्यांची भट्टी आढळते. परक्या भाषेत भाव करणे, परक्या सराफाचा विश्वास संपादन करणे, परक्या गावात मुलांना शाळेत घालणे आणि जत्रेला गावी येणे, हे त्यांच्या कित्येक पिढ्यांनी केले. प्रांताप्रांतांच्या संस्कृतीचे जितके ज्ञान या लोकांपाशी आहे तितके आमच्या प्राध्यापकवर्गापाशी नसेल. पण त्यांचे प्रवासवर्णन कोणी लिहिले? आमच्या ग्रंथालयातील ते कपाट भरलेले दिसते खरे. त्यातला एक खण मात्र रिकामा आहे, आणि तो गरजवंतांचा आहे.

या सर्व विवेचनाचा आजच्या मराठी कुटुंबांशी निकट संबंध आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ साली निघाले, तेव्हा परदेशी राहणारी मराठी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी होती. उत्तर अमेरिकेतील मंडळांना एकत्र करणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली निघाले तेव्हा चित्र बदलू लागले होते. आज मध्यमवर्गातील पुष्कळ घरांतून एक तरी मूल बाहेर आहे. आणि त्यामुळे प्रवासलेखकाचा एक नवाच वर्ग निर्माण झाला आहे. हे लेखक म्हणजे मुलाच्या किंवा मुलीच्या घरी सहा महिने राहून आलेले आईवडील. त्यांचे लेख दिवाळी अंकांत येतात, त्यांची पुस्तके स्वखर्चाने निघतात.

या लेखनाची हेटाळणी करण्याचा आमचा हेतू नाही. पण त्या लेखकांचे स्थान विचित्र आहे हे ध्यानात घेतले पाहिजे. ते पाहुणे नव्हेत, कारण घर आपल्याच मुलाचे. ते गिऱ्हाईकही नव्हेत, कारण पैसा मुलगा देतो. ते गरजवंत असतात, पण त्यांची गरज परक्या समाजाशी नसून आपल्याच सुनेशी, जावयाशी आणि नातवंडांशी असते. म्हणून त्यांच्या लेखनात रस्त्यांची स्वच्छता, रांगेची शिस्त आणि हिरवळीचे वर्णन विस्ताराने येते; आणि ज्याविषयी त्यांना खरोखर बोलावयाचे असते ते येत नाही. नातू मराठीत उत्तर देत नाही, दुपारी घरात घड्याळाच्या टिकटिकीखेरीज आवाज नसतो, शेजारणीचे नाव सहा महिन्यांत कळत नाही, आणि ज्याच्यासाठी हाडाची काडे केली तो मुलगा शनिवारी वेळ काढून आपल्याला प्रेक्षणीय स्थळे दाखवितो. हिरवळीचे वर्णन कित्येकदा हे न बोलण्यासाठी केलेले असते. आमच्या मते, याविषयी खरेपणाने लिहिणारा एखादा वृद्ध लेखक निघाला तर त्याचे पुस्तक रमाबाईंच्या पुस्तकाशेजारी ठेवण्याजोगे होईल, कारण परक्या संस्कृतीचा जो भाग त्याच्या घरात शिरला आहे, तो आजवर कोणी जवळून पाहिलेला नाही.

‘तिकडे’ आणि ‘आपल्याकडे’ या दोन शब्दांचा जो रोग या लेखनाला जडला आहे, त्याचा परिणामही वाङ्मयाबाहेर होतो. तिकडचे रस्ते आणि आपल्याकडचे रस्ते, तिकडची कुटुंबे आणि आपल्याकडची कुटुंबे, अशी जोडी लावली की एका पारड्यात तिकडची स्वच्छता पडते आणि दुसऱ्यात आपल्याकडची माया. दोन्ही पारडी खोटी आहेत. तिकडची स्वच्छता कोणाच्या तरी मजुरीने राखलेली असते. ती मजुरी किती, मजूर कोण, तो कोठे राहतो, हे लेखकाने विचारलेले नसते. आणि आपल्याकडची माया पुष्कळदा घरातील एका बाईच्या अखंड कष्टांवर उभी असते, हे त्याने घरी असतानाही पाहिलेले नसते. अशा तुलनेवर वाढलेल्या मुलांना मग दोनच गोष्टी शिकावयास मिळतात: आपल्या देशाची लाज वाटणे किंवा त्याचा पोकळ अभिमान धरणे. विवेक शिकावयास मिळत नाही. आणि परदेशी राहणाऱ्या मुलाला वडीलधाऱ्यांकडून हवा असतो तो विवेकच.

म्हणून प्रवासवर्णन हाती घेताना वाचकाने चार प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवितो. लेखकाला त्या देशात कोणाची गरज पडली होती काय? त्या देशातील एखादा माणूस त्याच्याशी असहमत झालेला पुस्तकात दिसतो काय? वस्तूंच्या किमतीबरोबर माणसांच्या मजुरीची नोंद त्याने केली आहे काय? आणि शेवटचा प्रश्न असा की, परत आल्यावर त्याने आपल्या घरात, गल्लीत वा धंद्यात एखादी तरी गोष्ट वेगळ्या रीतीने केली काय? चारही प्रश्नांना होकार देणारी पुस्तके मराठीत थोडी आहेत. एकाही प्रश्नाला होकार न देणारी पुष्कळ आहेत. ही पुष्कळ पुस्तके करमणुकीसाठी खुशाल वाचावीत, पण त्यांच्या आधारावर कोणत्याही समाजाविषयी मत बनवू नये.

पहिले तीन प्रश्न लेखकांसाठी आहेत; चौथा सर्वांसाठी आहे. परदेशी जाणे आता पराक्रम राहिलेला नाही, आणि यात वाईट वाटण्याजोगे काही नाही. पराक्रम असेल तर तो परतल्यावरच्या वागण्यात आहे. परगावच्या स्थानकावर रांगेत उभे राहून आलेला गृहस्थ आपल्या गावच्या स्थानकावर उतरताच रांग मोडतो, तेव्हा त्याने लिहिलेले शिस्तीवरील प्रकरण त्याच क्षणी रद्द होते. उलट, कधी बोटीत पाऊल न टाकलेला एक कारागीर लोखंडाचा नांगर घेऊन दोन वर्षे शेतकऱ्याची वाट पाहत बसतो, तेव्हा त्याने जगाचे वाचलेले सारे खरे ठरते. वाचकांच्या घरी यंदाच्या उन्हाळ्यात कोणी परदेशाहून येणार असेल, तर त्याला तेथे काय पाहिले हे अवश्य विचारावे. मात्र त्यानंतर, तेथे तुझे कोणावाचून अडले होते, हेही विचारावयास विसरू नये.